कोण रडतंय रे मागे?



आजचं वाचन: ज्ञानेश्वरी, अध्याय १२. गीतेच्या ७, १३ आणि १८ या श्लोकांवर माउलींनी केलेलं विवेचन.

रोज आपण आधी वाचतो आणि मग त्यावर बोलतो. आज क्रम उलटा आहे. आधी एक प्रसंग घडला, त्यात माझी चूक झाली, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे ज्ञानेश्वरी उघडली तेव्हा ती चूक समोरच मांडलेली दिसली. म्हणून आधी प्रसंग सांगतो.

गेल्या आठवड्यात आम्ही मुलांना घेऊन न्यूपोर्ट बीचला बोटींची मिरवणूक बघायला गेलो होतो. न्यूपोर्ट बीच हे दक्षिण कॅलिफोर्नियातलं समुद्रकाठचं शहर. आत एक मोठं, शांत पाण्याचं बंदर आहे आणि त्या बंदरात छोटी छोटी बेटं. नाताळच्या आधी ओळीने पाच रात्री इथले लोक आपापल्या बोटी दिव्यांनी सजवतात आणि रांगेने बंदरभर फिरवतात. छोट्या होड्यांपासून दोन-तीन मजली यॉटपर्यंत सगळं असतं. कुणी डोलकाठीवर दिव्यांचं झाड उभं करतं, कुणी बर्फातला बाहुला, कुणी अख्ख्या बोटीचा देवमासा करून टाकतं. वर जनरेटर घुरघुरत असतो, स्पीकरवर गाणी चालू असतात, आणि बोटीतली माणसं किनाऱ्यावरच्या माणसांना हात करत पुढे जातात. तिकीट नाही, पास नाही. किनाऱ्यावर कुठेही उभं राहा आणि बघा.

ही प्रथा शंभर वर्षांहून जुनी आहे. १९०७ च्या सुमाराला जॉन स्कार्पा नावाचा एक इटालियन नावाडी इथे गोंडोला चालवायचा. त्याने आपल्या नावेला कागदी जपानी कंदील लावले आणि पाहुण्यांना रात्री बंदरात फिरवलं. पुढच्या वर्षी, म्हणजे १९०८ च्या ४ जुलैला, त्याच्या गोंडोलामागे आठ छोट्या होड्या कंदील लावून निघाल्या. एकूण नऊ नावा, एवढीच पहिली मिरवणूक. नाताळचं रूप तिला १९४६ मध्ये आलं. एका तराफ्यावर नाताळचं झाड ठेवलं आणि गाणी म्हणत तो बंदरात फिरवला. आज शंभरावर बोटी असतात.

एका नावाड्याने आपल्या नावेला चार कंदील लावले, त्याचं पुढे हे झालं. मला ही गोष्ट फार आवडते. तिच्याकडे आपण परत येणार आहोत.

तर आम्ही गेलो. थोरला आठ वर्षांचा, धाकटी चार वर्षांची. बाल्बोआ आयलंड नावाच्या बेटाला पाण्याच्या कडेने पायवाट आहे आणि पायवाटेला बुटकी भिंत. पार्किंग मिळता मिळता जीव गेला, मग पूल ओलांडून चालत आत गेलो. पहिली रांग कधीच भरली होती. लोक घडीच्या खुर्च्या आणि गोधड्या घेऊन दुपारपासून बसलेले. आम्हाला दुसऱ्या रांगेत जागा मिळाली. चादर अंथरली, थर्मासमधला चहा काढला, पोरांना कानटोप्या घातल्या. तोवर अंधार झाला होता. डिसेंबरात इथे पाचच्या आत सूर्य मावळतो.

सुरुवातीला सगळं छान होतं. पुढचे बसलेले होते, आम्ही बसलो होतो, आमच्या मागचेही बसले होते. सगळ्यांना दिसत होतं.

मग पहिली मोठी बोट आली. आमच्या पुढचा एक बाप उठला आणि त्याने आपल्या मुलाला खांद्यावर घेतलं. झालं. धाकटी म्हणाली, "बाबा, मला दिसत नाहीये." मीही उठलो आणि तिला खांद्यावर घेतलं. एका हाताने तिचा पाय धरला आणि दुसऱ्या हाताने पुण्याला आईला व्हिडिओ कॉल लावला. इथे रात्रीचे सात, तिथे सकाळचे साडेआठ. आई पूजा उरकून फोनची वाटच बघत होती.

"अगं बाई, केवढ्या त्या बोटी! पोरीला दिसतंय ना रे नीट?"

"दिसतंय, दिसतंय. खांद्यावर आहे ती."

"आणि थंडी?"

"टोपी घातलीय आई."

असं चाललं होतं. आणि मागून एका मुलाचा आवाज आला. त्याला दिसत नव्हतं, तो आजीला तेच सांगत होता. पहिल्यांदा सांगितलं, मग कुरकुरला, मग रडायला लागला. आजी त्याला हळू आवाजात काहीतरी समजावत होती. तिची भाषा मला येत नव्हती, पण कळायला भाषा कशाला लागते? ती वयस्कर होती, त्याला उचलून घेणं तिला जमणारं नव्हतं. आणि त्याच्या पुढे भिंतीसारखे कोण उभे होते? आम्ही. मी, आणि माझ्यावर माझी लेक.

मी मागे वळून बघितलं नाही. खरं सांगतो, मुद्दामच नाही बघितलं. बघितलं असतं तर काहीतरी करावं लागलं असतं.

आणि इतक्यात फोनमधून आईने विचारलं, "कोण रडतंय रे मागे?"

मी म्हणालो, "कुणी नाही."

मंडळी, हे दोन शब्द तेव्हापासून माझ्या मनातून जात नाहीयेत. पुण्यात बसलेल्या माझ्या आईला, चौदा हजार किलोमीटरवरून, फोनच्या एवढ्याशा माइकमधून एक पोर रडताना ऐकू आलं. ते पोर माझ्या पाठीमागे हातभर अंतरावर होतं आणि मी म्हणालो, कुणी नाही.

पुढे काय झालं तेही सांगतो. ते मी केलं नाही, म्हणून सांगायला हरकत नाही. पहिल्या रांगेत एक आजोबा खुर्चीवर बसले होते. त्यांनीही ते रडणं ऐकलं असावं. त्यांनी आपली खुर्ची थोडी मागे सरकवली, वळून हाताने खूण केली आणि मोठ्याने म्हणाले, पोरांना सगळ्यांना पुढे पाठवा. एवढंच. त्यांच्या पायाशी, भिंतीला लागून, जमिनीवर पोरं बसायला लागली. पुढच्या बापाने आपल्या मुलाला उतरवलं. मागचा तो मुलगा वाट काढत पुढे गेला. माझा थोरलाही गेला. मी धाकटीला उतरवलं तेव्हा मला जरा धाकधूक वाटली. पाणी समोर, अंधार, अनोळखी माणसं. पण ती गेली आणि त्याच मुलाच्या शेजारी जाऊन बसली. सात-आठ डोकी एका ओळीत. बसलेली असल्यामुळे कुणाच्या आड कुणी नाही. मोठी माणसं मागे उभी राहिली आणि त्यांनाही सगळं दिसलं.

उपाय पहिल्यापासून तिथेच होता. त्याला फक्त एक गोष्ट लागत होती, ती म्हणजे माझी मुलगी माझ्या खांद्यावरून चार पावलं दूर, दुसऱ्याच्या मुलाशेजारी जाऊन बसणं.

नंतर मी त्या आजीला सॉरी म्हणालो. ती बोटींकडे बघत होती. तिने ऐकलं की नाही, मला कळलं नाही.

आता वाचनाकडे येऊ.

गीतेच्या बाराव्या अध्यायाच्या सातव्या श्लोकात भगवंत म्हणतात की ज्यांचं चित्त माझ्यात गुंतलंय त्यांना मी मृत्यूच्या या संसारसागरातून लवकरच वर काढतो. श्लोकात सागर आहे, पण नाव नाही. माउलींनी इथे काय केलंय बघा. ते म्हणतात की देवाने पाण्याला घाबरलेले जीव बघितले, आपल्या हजारो नामांच्या नावा सज्ज केल्या आणि तो स्वतःच तारू झाला. मराठीत 'नाव' म्हणजे होडी आणि 'नाव' म्हणजे नाम. ही आपल्या भाषेची केवढी मोठी देणगी आहे! देवाचं नाव घ्या म्हणजे नावेत बसा. विठ्ठल ही एक नाव, राम ही एक नाव, कृष्ण ही एक नाव. हजार बोटींची मिरवणूक निघालीय आणि प्रत्येक बोटीचा नावाडी एकच आहे.

त्याच्या पुढे जे येतं ते माझ्यासारख्या पोराबाळांच्या माणसाला फार दिलासा देणारं आहे. देवाने तीन प्रकारची माणसं तीन तऱ्हांनी पार नेली, असं माउली सांगतात. जे सडेफटिंग होते त्यांना ध्यानाच्या कासेला लावलं. पट्टीचा पोहणारा एखाद्याला आपल्या कमरेच्या वस्त्राला धरायला लावून ओढत नेतो ना, तसं. ज्यांच्यामागे बायकामुलं, घरदार होतं त्यांना नावेत बसवलं. आणि कुणाच्या पोटाला प्रेमाची पेटी बांधून त्यांना काठाला आणलं. गावाकडे विहिरीत पोहायला शिकताना भोपळा किंवा रिकामा डबा बांधतात, तशी ही पेटी.

संसारी माणसाला देव असं म्हणाला नाही की पोरं काठावर सोड आणि एकटा ये. तो म्हणाला, तुम्ही जास्त जण आहात ना, मग तुमच्यासाठी मोठी नाव काढतो. या वाक्यापाशी मी नेहमी थांबतो. ध्यानाला बसलं की धाकटी मांडीत येऊन बसते आणि माळ ओढते. तेव्हा मला हेच आठवतं, की आपण कासेला धरून जाणारे नव्हे, नावेतून जाणारे आहोत.

पण मग सहाच श्लोकांनंतर, तेराव्यात, भगवंत आपल्या आवडत्या भक्ताची लक्षणं सांगायला लागतात. कुणाचाही द्वेष न करणारा, सगळ्यांचा मित्र, करुणा असलेला. आणि मग येतो तो शब्द: निर्मम. ज्याच्याकडे 'माझं' हा भावच उरलेला नाही असा.

इथे मी अडकतो, आणि मला वाटतं तुमच्यातले बरेच आईबाप अडकत असतील. सातव्या श्लोकावर बोलताना बायकामुलांसकट नावेत घेतलं आणि तेराव्यात म्हणतात 'माझं' म्हणू नकोस. मग माझी मुलगी माझी नाही का? रात्री ताप आला तर उठून मी बसणार. शाळेची फी मी भरणार. तिचं काही चुकलं तर मान माझी खाली जाणार. हे सगळं करायचं आणि 'माझं' म्हणायचं नाही, हे कसं काय?

बरेच दिवस मी याचं एक सोपं उत्तर देत होतो, की कर्तव्य करा आणि मनातून अलिप्त राहा. ऐकायला बरं वाटतं, पण चार वर्षांचं पोर गळ्यात हात टाकतं तेव्हा अलिप्त कोण राहतं? आणि राहावं तरी का? अलिप्त बाप कुणाला हवा असतो?

त्या रात्री किनाऱ्यावर मला दुसरं उत्तर दिसलं, आणि ते माझ्याच चुकीतून दिसलं. माझं माझ्या लेकीवर प्रेम होतं, यात काहीच चूक नव्हती. मी तिला खांद्यावर घेतलं, त्यातही नाही. चूक घडली ती पुढच्या क्षणी. मागचं पोर रडलं आणि मी 'कुणी नाही' म्हणालो, तेव्हा. 'माझी' या शब्दाने माझे कान बंद केले. जी माझी आहे तिला दिसतंय, म्हणजे संपलं. जो माझा नाही तो 'कुणी नाही'. ममत्व म्हणजे आपल्या मुलावर जास्त प्रेम असणं नव्हे. आपलं मूल सोडून बाकीची मुलं 'कुणी नाही' होणं, ते ममत्व. असं मला आता वाटतं.

म्हणजे निर्मम होण्यासाठी आपल्या मुलावरचं प्रेम कमी करायचं नाहीये. दुसऱ्याच्या मुलाला 'कुणी नाही'तून 'कुणीतरी'त आणायचंय. नाव मोठी करायचीय.

माउली हे अठराव्या श्लोकावर बोलताना किती सहज सांगतात बघा. शत्रू आणि मित्र यांना समान मानणारा, असा तो श्लोक. माउली म्हणतात, दिवा लावला तर घरच्यांना उजेड द्यावा आणि परक्यांना अंधार करावा, हे दिव्याला माहीतच नसतं. आणि झाडाचं बघा. ज्याने लावलं आणि जो तोडायला आला, दोघांनाही ते सारखीच सावली देतं. याआधी तेराव्या श्लोकाच्या वेळीही असंच आहे: गाईची तहान भागवावी आणि वाघाला विष होऊन मारावं, असं पाणी करत नाही.

लक्षात घ्या, माउली असं म्हणत नाहीत की दिवा फार उदार असतो. उदार माणूस आधी आपलं-परकं बघतो आणि मग परक्यालाही देतो. दिव्याला हा हिशेबच ठाऊक नाही. त्याचं जळणं म्हणजेच उजेड, आणि उजेड म्हणजे जो समोर असेल त्याला.

हे वाचताना त्या बोटी पुन्हा डोळ्यांपुढे आल्या. एक साधी गोष्ट तेव्हा सुचली नव्हती, ती आता सुचली. जो माणूस आपल्या बोटीला हजारो दिवे लावतो, त्याला मिरवणुकीत स्वतःची बोट दिसतच नाही! तो आत असतो. त्याला दिसतात पुढच्या आणि मागच्या बोटी, आणि किनाऱ्यावरची माणसं. त्याची स्वतःची बोट कशी दिसते हे फक्त आपल्याला कळतं. म्हणजे ही सगळी सजावट करणाऱ्यासाठी नसतेच, ती बघणाऱ्यासाठी असते. तो स्कार्पा कंदील लावून निघाला तेव्हा त्याने किनाऱ्यावर कोण उभं आहे याची यादी केली नव्हती.

आणि ही मिरवणूक एका जागी थांबतही नाही. साधारण १४ मैलांचा फेरा आहे तिचा. बंदराला वळसा घालत, बेटांच्या बाजूने ती सगळ्यांच्या दारावरून जाते. सुरुवातीच्या जागी साडेसहाला दिसते, तर कुणाला तीच बोट बऱ्याच उशिरा दिसते. पण येते सगळ्यांकडे. कमी पडेल अशी ती गोष्टच नव्हती. आणि आम्ही दुसऱ्या रांगेत उभं राहून, आपल्या वाट्याचं कुणी नेईल अशा घाईने माना उंच करत होतो.

आता इथे तुमच्यातलं कुणीतरी म्हणेल, आणि म्हणायलाच हवं: "दादा, बोटींचे दिवे वाटून कमी होत नाहीत, मान्य. पण सगळं काही असं नसतं. शाळेत एकच जागा असते. नोकरी एकच असते. हॉस्पिटलात एकच बेड असतो. तिथे काय करायचं?"

या प्रश्नाला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. एकच जागा असेल तर मी माझ्या मुलीसाठी प्रयत्न करीन, तुम्हीही तुमच्या मुलासाठी कराल. तिला माझ्याशिवाय दुसरा बाप नाही, म्हणून तिचा माझ्यावर पहिला हक्क आहे. यात पाप आहे असं मला वाटत नाही. पण त्या रात्रीने मला दोन गोष्टी तपासायला शिकवल्या.

पहिली अशी की खरंच एकच जागा आहे का, की मी तसं धरून चाललोय? आम्हाला सगळ्यांना वाटत होतं की जागा कमी आहे. जागा कमी नव्हती, आम्ही उभे होतो म्हणून कमी झाली होती. एक बाप उठला म्हणून दुसरा, दुसरा उठला म्हणून तिसरा. शेवटी कुणालाही पहिल्यापेक्षा जास्त दिसलं नाही, फक्त सगळ्यांचे खांदे दुखायला लागले. आयुष्यातल्या किती रांगा अशा आहेत, विचार करून बघा. लहान मुलांचे क्लास, त्यावर अजून क्लास. सोसायटीतली स्पर्धा. देवळातसुद्धा! 'पोरं बरोबर आहेत हो' असं म्हणत ओळखीने मधे घुसणारे आपणच असतो ना? पंढरीच्या दर्शनबारीत तासन्‌तास उभ्या असलेल्या म्हाताऱ्या माणसांच्या पुढे आपण जातो आणि मग आत जाऊन त्याच विठ्ठलाला म्हणतो, माझ्या लेकरांना सुखी ठेव. तो काय म्हणत असेल? तोही विचारत असेल, कोण रडतंय रे मागे?

दुसरी गोष्ट, जागा खरोखरच एक असली तरी मागे कोण आहे हे तरी बघितलं का? मिळवणं वेगळं आणि मिळवताना न बघणं वेगळं. माझ्या मुलीला मिळालं आणि कुणाला तरी मिळालं नाही, हे मला माहीत असायला हवं. तेवढं माहीत असलं की माणूस मिळालेल्याचा माज करत नाही, आणि पुढच्या वेळी खुर्ची मागे सरकवायची आठवण राहते.

एक गोष्ट मी पहाटे वाचताना बराच वेळ धरून बसलो. हे सगळं कोणी लिहिलं? परंपरा सांगते की शके १२१२ मध्ये, म्हणजे इ.स. १२९० ला, नेवाशाला ज्ञानेश्वरी सांगितली गेली तेव्हा माउलींचं वय जेमतेम पंधरा होतं. चार भावंडं, संन्याशाची पोरं म्हणून गावाने बाहेर ठेवलेली. आईवडील गेलेले. मुंजीसाठी दारोदार विचारलं आणि लोकांनी तोंड फिरवलं. म्हणजे आपल्या बोलीत सांगायचं तर सगळ्यात मागच्या रांगेत उभी असलेली, ज्यांना पुढचं काही दिसू द्यायचं नाही असं ठरवून टाकलं होतं, ती ही मुलं. त्यांच्याबद्दलही त्या वेळी कितीतरी सज्जन माणसं म्हणाली असतील, कुणी नाही.

आणि त्याच मुलाने मोठं होऊन म्हटलं की दिव्याला घरचं आणि परकं माहीत नसतं. त्याने हे कडवटपणाने म्हटलं नाही. संस्कृत येणाऱ्यांपुरता जो दिवा होता, तो त्याने मराठीत आणून सगळ्यांच्या समोर ठेवला. खुर्ची मागे सरकवली आणि म्हटलं, पोरांना पुढे येऊ द्या. आपण सगळे तिथे बसलेली पोरं आहोत, मंडळी. मला गीता संस्कृतातून कधी कळली नसती.

एक छोटी गोष्ट राहिलीच. आमच्या एका नातलगांनी फोटो बघून विचारलं, "नाताळची मिरवणूक? आपण कशाला जायचं तिथे?" मी वाद घातला नाही. आळंदीला इंद्रायणीच्या पाण्यात द्रोणातले दिवे सोडतात, ते बघताना शेजारी कोण उभं आहे ते आपण विचारत नाही. त्या रात्री ज्या आजोबांनी माझ्या पोरांना पुढे बोलावलं, त्यांनीही विचारलं नाही. सण त्यांचा होता आणि जागा त्यांनी आमच्या मुलांना दिली. यातून मी काही शिकलो नाही तर माझ्या वाचनाचा उपयोग काय?

घरी परत येताना गाडीत दोघं झोपली. झोपायच्या आधी धाकटीने सांगितलं की त्या मुलाला देवमाशाची बोट सगळ्यात जास्त आवडली आणि तिलाही तीच आवडली. दोघं एकमेकांशी कोणत्या भाषेत बोलली देव जाणे. घरी पोचल्यावर मी आईला पुन्हा फोन केला. तिकडे दुपार व्हायला आली होती. म्हणालो, "आई, मघाशी तू विचारलंस ना कोण रडतंय म्हणून? एक मुलगा होता. त्याला माझ्यामुळे दिसत नव्हतं."

आई थोडी गप्प राहिली. मग तिने एवढंच विचारलं, "मग दिसलं का त्याला?"

"दिसलं. दुसऱ्या कुणीतरी दाखवलं."

"बरं झालं हो," ती म्हणाली. मला काही बोलली नाही. बोलली असती तर बरं वाटलं असतं.

आजचा अभ्यास

आज दिवसभरात एकदा तरी, जेव्हा आपण आपल्या माणसासाठी काही मिळवत असू, तेव्हा एकदा मागे वळून बघूया. लोकलमधली सीट असेल, लिफ्ट असेल, प्रसादाची रांग असेल, मुलाच्या गॅदरिंगला पुढे जाऊन धरलेला मोबाइल असेल. लगेच काही सोडायला हवंच असं नाही. फक्त बघायचं की मागे कोण आहे. मी त्या रात्री तेवढंही केलं नव्हतं, म्हणून तुम्हाला सांगतोय. घरात लहान मुलं असतील तर त्यांना सोप्या शब्दांत दिव्याची ती गोष्ट सांगा. आणि मग त्यांनाच विचारा, आपल्या मागे कोण आहे? त्यांना आपल्यापेक्षा लवकर दिसतं.

आजची प्रार्थना

पांडुरंगा, तू आम्हाला लेकराबाळांसकट नावेत घेतलंस. आता त्या नावेत आम्ही पाय पसरून बसू नये एवढी बुद्धी दे. माझ्या मुलांवरचं माझं प्रेम कमी करू नकोस. पण त्या प्रेमाने माझे कान बंद होऊ देऊ नकोस. मागे कुणी रडलं तर मला ऐकू येऊ दे, आणि कुणी विचारलं तर 'कुणी नाही' असं माझ्या तोंडून पुन्हा निघू नये.

राम कृष्ण हरी!